फोटो छापण्याआधी जेट्टीवर जाऊन या

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

ठाण्यात शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि मिस्टरांबरोबर त्यांच्या मूळ गावी, मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात राहायला आले. गावाचं नाव कृपया छापू नये. घर दुरुस्त केलं, आवार साफ केलं, पण माणसं दुरूनच बोलायची. गावात काय चाललंय ते आम्हाला सगळ्यात शेवटी कळायचं. कुणी गेलं तर थेट बाराव्याला कळायचं, दशावतार कुठे होता ते दुसऱ्या दिवशी. मुंबईहून परतलेले आणखी काहीजण आहेत, त्यांचीही हीच तक्रार. म्हणून यंदा गावच्या घडामोडींचं चार पानी मासिक पत्रक छापायला सुरुवात केली. पहिले अंक लोकांनी कौतुकाने वाचले.

जूनच्या अंकात किनाऱ्याच्या स्वच्छतेवर लिहिलं आणि फोटो छापला: वाळूवर जाळ्यांचा ढीग, शेजारी ओढून ठेवलेली होडी. खाली ओळ टाकली, 'किनाऱ्यावरचा कचरा: जबाबदार कोण?' फोटोत होडीचं नाव दिसतंय हे माझ्या लक्षात आलं नाही. चार दिवसांनी भर बाजारात त्या होडीवाल्यांच्या घरातली बाई म्हणाली, "बाई, आमच्या जाळ्यांक कचरो म्हणतास? त्याच कचऱ्यार आमची चूल पेटता." तेव्हापासून ती अख्खी वाडी आमच्याशी बोलत नाही. खाडीची मासळी घेऊन येणारी दारात यायची थांबली. माझ्या पुतण्याचं किनाऱ्याला लागून होम-स्टे आहे. पावसाळ्यानंतर तुमच्या पर्यटकांना आमच्या होड्या मिळणार नाहीत, असं त्याला कळवलंय. मिस्टर म्हणतात, पत्रक बंद कर, आपल्याला इथे म्हातारपण काढायचंय. मी खोटं तर काही लिहिलेलं नाही. माफी मागू का? पत्रक बंद करू का? जूनचा अंक सोबत जोडला आहे.

— मालवण तालुक्यातील एक वाचक

---

नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारण हाताशी दिवस थोडे आहेत. पत्रक बंद करू नका. आणि माफी छापायच्या आधी त्या घरी जा. ३१ जुलैच्या आत जा. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठली की होडी पाण्यात ढकलायची गडबड, बर्फ, डिझेल, खलाशांची जमवाजमव आणि नारळी पौर्णिमा, यात त्यांना बसून बोलायला सवड राहणार नाही. घाईत असलेल्या माणसाला गाठून मागितलेली माफी उरकून टाकल्यासारखी वाटते, तसं होऊ देऊ नका.

दुपारी जा, जेवणं आटोपल्यावर. पावसाळ्यात त्या वेळी पुरुषमाणसं मांगरात नाहीतर पडवीत जाळी विणायला बसलेली असतात. मिस्टरांना बरोबर न्या. तुम्हाला तिथे 'पत्रकवाल्या बाई' म्हणून ओळखतात, पण ते कुणाचे नातू आणि कुणाचे पुतणे हे वाडीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं, आणि बोलणं तिथूनच सुरू होतं. बाजारात जी बोलली तिच्याशी आधी बोला, तिच्या नवऱ्याशी नंतर. तिने जे सांगायचं ते तुमच्या तोंडावर सांगितलं आहे. पाठीमागे बोलणाऱ्यांपेक्षा अशा माणसाशी समेट होणं पुष्कळ सोपं असतं. खुलासे करू नका, 'माझा हेतू तसा नव्हता' हे तर म्हणूच नका. 'न विचारता छापलं, चुकलं,' एवढंच म्हणा आणि ती काय सांगते ते ऐका.

आता फोटोविषयी. तुम्ही पाठवलेला अंक मी नीट पाहिला. ढिगाच्या एका कडेला जाळं तरंगतं ठेवणाऱ्या बोयांची ओळ जशीच्या तशी आहे, खालच्या दोराला शिशाचे तुकडे आहेत आणि अर्ध्या ढिगावर माडाच्या विणलेल्या पानांचं झाप टाकलेलं आहे. टाकून द्यायच्या वस्तूवर कुणी झाप घालत नाही.

१ जून ते ३१ जुलै हे दोन महिने महाराष्ट्रात यांत्रिकी होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा हा काळ, आणि समुद्रही खवळलेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात होड्या वर ओढतात, इंजिन उतरवतात, होडीवर झापांचं नाहीतर प्लास्टिकचं छप्पर घालतात आणि वर्षभर फाटत आलेली जाळी सोडवायला घेतात. फाटलेल्या जाळ्याचाही सगळा भाग वाया जात नाही. बोये निघतात, शिसं निघतं, दोर निघतो, आणि ते सगळं नव्या जाळ्याला लागतं. जाळ्याचा जो भाग धड असतो तो कापून दुसऱ्याला जोडतात. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात किनाऱ्यावर जे पडलेलं दिसतं त्यात निम्म्याहून अधिक माल असतो आणि थोडा खरोखर टाकाऊ असतो. कुठला कुठला हे तिथे बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही, मलाही कळणार नाही. तुम्ही लिहिता की खोटं काही लिहिलं नाही. फोटो खरा आहे, हे मान्य. त्याखालची ओळ मात्र तुम्ही कुणालाही न विचारता लिहिली आहे, आणि लोकांनी फोटोबरोबर ती ओळही वाचली.

तरीही मला वाटतं, एवढ्यावरून अख्खी वाडी गप्प होत नाही. रागाचं मूळ तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यात आहे: पुतण्याचं होम-स्टे किनाऱ्याला लागून आहे. त्यांच्या बाजूने एकदा वाचून पाहा. शहरातून आलेल्या बाई किनारा स्वच्छ हवा म्हणतात, आणि त्यांच्या पुतण्याच्या गिऱ्हाइकांना खिडकीतून जाळी दिसतात. तुमच्या मनात हे आलंही नसेल, पण वाचणाऱ्याच्या मनात हेच आधी येणार. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून तारकर्ली, देवबाग, मालवण या सगळ्या पट्ट्यात वाळूवर हक्क कुणाचा, हा प्रश्न धुमसतो आहे. ज्या वाळूत पिढ्यान्‌पिढ्या होड्या ओढल्या, मासळी वाळवली, रापणीचं जाळं ओढलं, तिथे आता खुर्च्या, छत्र्या, स्कूबाचे तंबू आणि गाड्या आल्या. मच्छीमारांच्याच मुलांना त्यात रोजगार मिळाला, कित्येक घरं त्यावर उभी राहिली, हेही तितकंच खरं. पण होडी लावायची जागा एकदा गेली की परत मिळत नाही, ही धास्ती प्रत्येक वाडीत आहे, आणि ती रास्त आहे. 'कचरा' म्हटल्यावर त्यांना ऐकू आलं ते 'इथून उचला'.

म्हणून त्या घरी गेल्यावर पुतण्याचा विषय तुम्हीच काढा. लेख त्याच्या सांगण्यावरून लिहिला नव्हता हे स्पष्ट सांगा. पुढे किनाऱ्याविषयी जे जे छापाल त्या प्रत्येक मजकुराखाली लिहा की संपादकांच्या नात्यातल्या माणसाचा इथे व्यवसाय आहे. तुम्हाला ते अवघड वाटेल, पण छोट्या गावात ही गोष्ट लपत नाही, ती आपण आधी सांगितली तर वाचणारा पुढचं निवांतपणे वाचतो. होड्यांचा प्रश्न मात्र पुतण्याला स्वतः सोडवू द्या. समेटाच्या बोलण्यात धंद्याची बोलणी मिसळू नका. नाहीतर तुम्ही होड्यांसाठीच आलात, असं होईल.

पुढच्या अंकात काय छापायचं? पहिल्या पानावर, त्याच आकारात, तीन-चार ओळींचा खुलासा: मागच्या अंकातल्या फोटोतली जाळी दुरुस्तीसाठी ठेवलेली होती, तिला कचरा म्हणणं चूक होतं, संपादकांना खेद आहे. एवढंच. त्या घराचं नाव पुन्हा घेऊ नका, होडीचं तर नाहीच. आणि आत एक पान जाळ्यांना द्या, त्यांनीच सांगितलेलं, त्यांच्या संमतीने. कुठलं जाळं कुठल्या मासळीला, एक जाळं दुरुस्त करायला किती माणसं किती दिवस बसतात, नायलॉनची जाळी येण्याआधी काय वापरायचे, जाळ्याचा दोर कुठून आणतात. तुमच्या गावातल्या निम्म्या घरांना हे पाठ आहे आणि उरलेल्या निम्म्यांना अजिबात माहीत नाही. गावच्या पत्रकाचं काम तिथेच सुरू होतं.

किनाऱ्यावरच्या टाकाऊ जाळ्यांचा प्रश्न खरा आहे, तो सोडू नका. पाण्यात सुटलेल्या जाळ्यात कासवं अडकतात, हे मच्छीमारच सगळ्यात जास्त पाहतात. २०१८ पासून राज्यात अशी योजना आहे की कासव, डॉल्फिन, बहिरी मासा (व्हेल शार्क) असा संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि त्याला सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी जीव सोडतानाचे फोटो आणि होडीची कागदपत्रं लागतात. तुमच्या वाडीतल्या किती जणांनी हा अर्ज केला आहे, कुणाचा अडकला आहे, कुठे अडकला आहे, हे विचारून छापा. स्वच्छतेवरच्या लेखापेक्षा या एका बातमीने किनाऱ्याचं जास्त भलं होईल, आणि ती वाडीच्या बाजूने उभी राहील.

पत्रक का चालू ठेवायचं ते आता सांगते. जिल्ह्याच्या पानावर नेत्यांचे दौरे येतात, महामार्गावरचे अपघात येतात, मोठ्या जत्रा येतात. तुमच्या वाडीतली विहीर कधी उपसणार, पोस्टातल्या बाईंची बदली झाली का, सकाळची एसटी बंद झाली ती कायमची की गाडी बिघडली म्हणून, हे तिथे येत नाही, आणि रोजचं जगणं मात्र यावरच अडतं. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं ते मुंबईत, पण ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर तुमच्या शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. हे मी अभिमानासाठी सांगत नाही. बातमी छापणं ही काही बाहेरून आलेल्यांची हौस नाही, या मातीतल्या माणसांनीच ते काम सुरू केलं, हे मिस्टरांना आणि गावालाही सांगता येईल म्हणून लिहिते.

पण पत्रकाचं वर्ष जानेवारीपासून मोजू नका. गावाचं वर्ष बंदी उठते तिथून सुरू होतं. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो, नारळ लढवण्याचे डाव रंगतात. तुमच्याही बंदरात काही ना काही होत असेलच. मग गणपती. कोकण रेल्वेची आरक्षणं, चाकरमान्यांच्या गाड्या, भजनांच्या बाऱ्या, कुणाकडे दीड दिवसाचा आणि कुणाकडे एकवीस दिवसांचा. हे सगळं पत्रकात हवं, कारण मुंबईतला माणूस आधी हेच शोधतो. दिवाळी पाडव्याला मालवणात रामेश्वर-नारायणाची पालखी निघते. तुळशीचं लग्न लागलं की जत्रा आणि दशावतार सुरू, आणि मग शिमग्यापर्यंत उसंत नसते. कुठल्या गावात कुठल्या रात्री कुठली कंपनी, ही यादी एका पानावर दिलीत तर तो अंक घराघरात भिंतीला लागेल. त्यानंतर मे, आणि पुन्हा होड्या वर.

या यादीत एक काळजी घ्या. इथल्या सगळ्या तारखा पंचांगातून निघत नाहीत. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते. आचऱ्याची गावपळण रामेश्वराचा कौल झाल्यावरच होते, दर काही वर्षांनी, आणि त्या वेळी अख्खं गाव माणसांसकट, गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतं. तुमच्या गावातही अशा गोष्टी असणार. मानकऱ्यांनी सांगितल्याशिवाय तारीख छापू नका, मग ती तुम्हाला चार ठिकाणांहून कळलेली का असेना. आधी छापण्यात कसली कमाई नाही, आणि तारीख बदलली तर मुंबईहून रजा काढून आलेली माणसं तुमच्या नावाने बोटं मोडतील. मानकऱ्यांचा क्रम, कुणाचा मान आधी, कुणाचं गाऱ्हाणं आधी, यावर गावागावात वाद आहेत आणि काही कोर्टात आहेत. तिथे शब्दही जपून वापरा. 'पालखी अमुक घरी थांबली' एवढं पुरेसं असतं. का थांबली, थांबायला हवी होती का, यात शिरू नका.

भरतीचं कोष्टक दर अंकात द्या. ज्याला समुद्रावर जायचं नाही त्यालाही ते लागतं: मुळे-कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना, खाडीपलीकडे जाणाऱ्याला, पोहायला उतरणाऱ्या पाहुण्यांना. जुनी माणसं तिथीला तीनाने गुणून चाराने भागतात आणि पूर्ण भरतीची साधारण वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. रोज पाऊण तासाच्या आसपास वेळ पुढे सरकते. हा हिशेब अंदाजाचा. बंदराप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून तो तुमच्या गावच्या तांडेलाकडून, म्हणजे होडीच्या म्होरक्याकडून, दुरुस्त करून घ्या आणि त्याचं नाव देऊन छापा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांवर ठळक खूण करा. पुतण्याच्या पाहुण्यांनाही ते पान वाचायला द्या, जीव वाचतील.

बातमी आणायची कुठून? तुम्ही लिहिता, आम्हाला सगळं शेवटी कळतं. गावात बातमी फिरते ती दारोदार फिरणाऱ्यांच्या बरोबर: मासळीवाली, पोस्टमन, आशा सेविका, अंगणवाडीच्या बाई, एसटीचा कंडक्टर, गिरणवाला, रेशन दुकानदार. यांच्याशी तुमचं रोजचं बोलणं नाही, म्हणून बातमी तुमच्या फाटकापर्यंत येऊन पुढच्या घरी जाते. त्यांना बातमीदार करू नका, वही काढून प्रश्नही विचारू नका. दळण स्वतः घेऊन जा, मासळीच्या लिलावाला उभ्या राहा, एसटीने तालुक्याला जा. ऑक्टोबरनंतर रापण लागेल तेव्हा किनाऱ्यावर जा. होडीतून जाळं अर्धगोल टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात, त्याला माणसं कमीच पडतात. जो हात लावतो त्याला मूठभर मासळी मिळते, रापण संघातल्या माणसांचे वाटे वेगळे होतात. तुम्ही दोर ओढलात तर त्या दिवशीची बातमी तुम्हाला कुणाला विचारावी लागणार नाही.

निधनाच्या बातम्यांबद्दल वेगळं सांगते, कारण तिथेच पत्रकं बदनाम होतात. घरच्यांना विचारल्याशिवाय एक ओळही नको. नाव, वय, माहेर, कुणाची कोण, हे घरातल्या माणसाकडून लिहून घ्या आणि वाचून दाखवा. बाईचं निधन असेल तर तिचं माहेरचं गाव जरूर घाला. तिकडच्या माणसांना कळायला तोच एक दुवा असतो. कारण छापू नका. आत्महत्या, घरातून निघून गेलेली मुलगी, भावाभावांतला जमिनीचा दावा, दारू सोडवायला कुणाला नेलं, हे सगळं गाव बोलतं म्हणून ते छापण्याजोगं होत नाही. ज्याच्या घरातली गोष्ट, ती त्याची. सार्वजनिक पैसा, रस्ता, पाणी, धूपप्रतिबंधक बंधारा, जेट्टीचा दिवा, शाळेतल्या शिक्षकांची रिकामी पदं, यातलं काहीही झाकू नका, मग समोर सरपंच असो की तुमचा पुतण्या.

त्यासाठी ग्रामसभेला जाऊन बसा. नेहमीच्या ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी असेल ती गणसंख्या लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट राहत नाही. गावातले बरेच मोठे ठराव अशा रिकाम्या खुर्च्यांसमोर मंजूर होतात. किती माणसं हजर होती, काय ठराव झाला, कुणी विरोध नोंदवला, एवढं दर वेळी छापलंत तरी पुढच्या सभेला चार माणसं जास्त येतील. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. ती कागदावरच उरकली जाते का, हेही पाहा. मासळी विकणाऱ्या बायकांना बाजारात पाणी नाही, शेड नाही, हा विषय तिथे निघायला हवा, आणि भर बाजारात तुम्हाला सुनावणारी बाई तो मांडायला अगदी योग्य आहे.

मासेमारीतले वाद तुमच्या पत्रकात येणारच. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले (मोठ्या यांत्रिक होड्यांतून मासळीच्या थव्याभोवती गोल जाळं टाकणारे) यांचं भांडण मालवणच्या किनाऱ्यावर मारामाऱ्यांपर्यंत गेलेलं आहे. तिथे तुम्ही न्यायाधीश होऊ नका, पण तटस्थपणाच्या नावाखाली दोघांची वाक्यं शेजारी ठेवून मोकळ्याही होऊ नका. कायदा काय म्हणतो ते लिहा: राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, २०२१ मध्ये दंड वाढवून सुधारलेला. पर्ससीनवर २०१६ च्या आदेशाने काळाची आणि क्षेत्राची बंधनं आली. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे. हा कायदा पाळला जातो का, हे परवाना अधिकाऱ्याला विचारा आणि त्याचं उत्तर छापा. उत्तर दिलं नाही तर तेही छापा. मी स्वतः पारंपरिक मच्छीमारांच्या बाजूची आहे, ते लपवत नाही. पण ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारल्याशिवाय छापू नये, हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागतो. तुमच्या जूनच्या अंकात नेमका तोच मोडला.

एक कागदाचं काम राहिलं आहे. ठरावीक काळाने निघणारं, बातम्या छापणारं पत्रक हे नियतकालिक ठरतं. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम लागू झाला आहे. त्याखाली नाव आणि मालकी ऑनलाइन नोंदवावी लागते. तालुक्याच्या छापखान्यात विचारलंत तर ते वाट दाखवतील. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं अंकावर असू द्या. नोंदणी होईपर्यंत छापील अंक थांबवून देवळाजवळ नाहीतर एसटी थांब्यावर फळा लावा आणि रोज सकाळी खडूने चार ओळी लिहा. ऑगस्टचा अंक थोडा उशिरा आला तरी चालेल, पण खुलासा फळ्यावर आधी येऊ द्या.

मिस्टरांचं म्हणणं मला पटत नाही, पण त्यांची भीती खरी आहे. ते ज्या गावात लहानाचे मोठे झाले तिथे मान खाली घालून चालावं लागेल, असं त्यांना वाटतं. त्यांना कामात घ्या. छपाईला जाण्याआधी प्रत्येक ओळ त्यांनी वाचावी. कुणाचं घर कुठे, कोण कुणाचं लागतं, कुणाच्या जुन्या जखमा काय, हे तुम्हाला शिकायला दहा वर्षं लागतील. त्यांना ते लहानपणापासून माहीत आहे. एखादी ओळ त्यांनी खोडली तर का खोडली ते विचारा. दर वेळी ऐकायलाच हवं असं नाही, पण ऐकलं नाहीत तर का, हे तुम्हालाही सांगता आलं पाहिजे.

ऑगस्टमध्ये पहिली बातमी बंदी उठल्याची घ्या. पहिल्या दिवशी किती होड्या बाहेर पडल्या, कुणाला काय लागलं, लिलावात बांगड्याला आणि कोळंबीला काय भाव मिळाला, कोण हवा बिघडल्यामुळे अर्ध्या वाटेतून परत आलं. हे आकडे घरबसल्या मिळणार नाहीत. पहाटे जेट्टीवर उभं राहावं लागेल, आणि ते सांगायला त्याच वाडीतलं कुणीतरी लागेल. ज्याने सांगितलं त्याला विचारून त्याचं नाव छापा. वाडीतल्या प्रत्येक घरात अंक तुम्ही स्वतः नेऊन द्या, मुलाच्या हाती पाठवू नका. मलाही एक प्रत पाठवा. लिलावाचा भाव मी आधी वाचीन.